उभं राहण्यापुरती वीट

पुण्यात वाट बघणाऱ्यांचा एक वेगळा हंगाम असतो. गुलमोहर गळायला लागतो, वळवाच्या एकदोन सरी येऊन जातात आणि शहरभर निरनिराळ्या खोल्यांतून माणसं निरनिराळ्या याद्यांची वाट बघू लागतात. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षांची मुलं सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यावर लेख येतात, कादंबऱ्या येतात, ती शास्त्री रस्त्यावर उतरली की बातमी होते. त्याच हंगामात, त्याच पेठांतून आणखी काही मुलंमुली वाट बघत असतात. त्यांची संख्या थोडी आणि आवाज त्याहून थोडा. मानसशास्त्रात एम.ए. झालेली, रुग्णालयात बसून प्रत्यक्ष काम शिकायची इच्छा असलेली ही मुलं. अर्ज गेलेला असतो, प्रवेश परीक्षा झालेली असते, आता मुलाखतीला कोणाकोणाला बोलावलंय त्याची यादी यायची असते. मी मानसशास्त्र शिकवते. शिफारसपत्रं लिहिते. त्यामुळे त्यांचं हे वाट बघणं दरवर्षी माझ्याही घरी येऊन बसतं.

‘कॉल आला का?’ हा या हंगामातला प्रश्न. सुरुवातीच्या दिवसांत तो सर्रास विचारला जातो. कॉलेजच्या फाटकाशी, चहाच्या टपरीवर, रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर. मग एके दिवशी कोणालातरी कॉल येतो आणि त्या दिवसापासून प्रश्न बंद होतो. ज्याला आला तो सांगत नाही, कारण ज्यांना आलेला नाही त्यांचे चेहरे त्याला माहीत असतात. ज्यांना आलेला नाही ते विचारत नाहीत, कारण उत्तर ऐकायची तयारी नसते. दोन वर्षं एकमेकांच्या वह्या वापरलेली, एकमेकांवर बुद्धिमापन चाचण्यांचा सराव केलेली ही मुलं अचानक एकमेकांशी हवापाण्याचं बोलू लागतात. घरीही तसंच. आई काही विचारत नाही, फक्त फोन वाजला की स्वयंपाकघरातला आवाज थांबतो. वडील म्हणतात, ‘बी.एड.चं काय ते बघून ठेवायला हरकत नाही.’ त्यांना टोचायचं नसतं. त्यांनाही या काळाचं काय करायचं ते ठाऊक नसतं.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. या मुलांना स्वतःला काय होतंय त्याची सगळी नावं माहीत असतात. मीच ती शिकवलेली असतात. ब्लूमा झायगार्निकनं १९२७ साली बर्लिनमध्ये दाखवून दिलं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम मनात अधिक रेंगाळतं. आम्ही ते परीक्षेत दहा गुणांना विचारतो. पाठवलेला आणि उत्तर न आलेला अर्ज हे तसंच तोडलेलं काम. स्किनरनं कबुतरांवर केलेले प्रयोगही त्यांना पाठ असतात. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबूतर चोच मारायचं थांबत नाही. इनबॉक्स, मग स्पॅम फोल्डर, मग संस्थेचं संकेतस्थळ, पुन्हा इनबॉक्स. एक विद्यार्थिनी मला म्हणाली, ‘मॅडम, मी काय करतेय ते मला कळतंय, तरी हात जातोच.’ नाव कळल्यानं हात थांबत असता, तर आमच्या विषयाचे सगळे प्राध्यापक परम शांत झाले असते. तसं होत नाही, आणि हे मुलांनी लवकर बघितलेलं बरं, कारण पुढे त्यांच्यासमोर बसणारा माणूसही हेच म्हणणार आहे की कळतंय पण वळत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर दगड दाखवायचे, त्यांच्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं आणि साप निघाला तर हाताला विजेचा दुखरा झटका. झटका बसणारच हे नक्की असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण बसेल-न-बसेल अशी निम्मी निम्मी शक्यता असताना आला. नक्की दुःख माणूस सोसू शकतो. अर्धवट टांगून ठेवलेलं दुःख त्याला जास्त पोखरतं. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनी हे प्रयोगाशिवाय सांगितलं असतं. बेपत्ता झालेल्या मुलाची आई ही गेलेल्या मुलाच्या आईपेक्षा अधिक थकलेली असते, हे त्यांनी बघितलेलं असतं.

म्हणून या दिवसांत ‘शांत राहा, सकारात्मक विचार करा’ हा सल्ला मी देत नाही. तो देण्यामागे आपली स्वतःची सुटका असते. कॅलिफोर्नियात केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञेनं वकिलीची परीक्षा दिलेल्या पदवीधरांचा अभ्यास केला. तिथे निकालाला चार महिने लागतात. त्या चार महिन्यांत चिंता आवरायच्या युक्त्या ज्यांनी केल्या, त्यांची चिंता त्यामुळे फारशी कमी झाली नाही. उलट जी माणसं त्या काळात धास्तावलेली होती, वाईटाची कल्पना करत होती, ती नापासाची बातमी आली तेव्हा लवकर सावरली आणि पास झाल्यावर जास्त खूश झाली. हे वाचल्यापासून मी मुलांना सांगते: अस्वस्थ आहात ना, असा. तुमच्यात काही बिघडलेलं नाही. जे तुम्हाला हवंय ते खरोखर हवंय, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ते हवं असणं साधं नाही. आपल्याकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी कोणीही लावू शकत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद १९९२च्या कायद्यानं उभी राहिली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण याची व्याख्या केली, त्यात परिषदेची मान्यता असलेली पात्रता किंवा दोन वर्षं पूर्ण वेळचं, देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करून घेतलेलं एम.फिल. आहे. हे प्रशिक्षण पुस्तकी नव्हे. ओपीडीत बसायचं, केस हिस्टरी घ्यायची, चाचण्या घ्यायच्या, अहवाल लिहायचा आणि तो अहवाल वरिष्ठांसमोर ठेवून आपलं काय चुकलं ते ऐकून घ्यायचं. म्हणून एका मार्गदर्शकाच्या हाताखाली थोडेच विद्यार्थी घेता येतात. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही नावं आमच्या वर्गात तीर्थक्षेत्रांसारखी घेतली जातात. बंगळुरूत हे शिक्षण १९५५ साली सुरू झालं, तेव्हा ती संस्था अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून ओळखली जायची. आज इतक्या वर्षांनंतरही देशभरातल्या जागा मोजक्याच आहेत आणि एकेका जागेमागे अर्जांची थप्पी.

त्यात मध्येच जमीन हलली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली. मग या विषयापुरती मुदत वाढवून दिली आणि २०२५-२६ पर्यंत प्रवेश देता येतील असं कळवलं. ज्या दोन-तीन तुकड्यांनी हा काळ काढला, त्यांनी मुलाखतीच्या बोलावण्याची वाट बघता बघता, बोलावणारा अभ्यासक्रम पुढच्या वर्षी असेल की नाही याचीही वाट बघितली. ‘यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी बघू’ हे घराघरांतलं जुनं सांत्वन त्यांना देताना माझी जीभ अडखळायची.

इथे मला दुसरी रांग दिसायला लागते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं नोंदवलं आहे की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हा आकडा वर्गात फळ्यावर लिहिताना मी नेहमी थांबते. दाराच्या एका बाजूला उपचार शिकायला मिळावेत म्हणून ताटकळणारी मुलं, दुसऱ्या बाजूला उपचार मिळावेत म्हणून ताटकळणारी माणसं, आणि मधलं दार इतकं अरुंद. दोन्ही रांगा एकाच टंचाईनं तयार झालेल्या आहेत. आपण मात्र त्यांचा विचार वेगवेगळा करतो. मुलांच्या रांगेला स्पर्धा म्हणतो, रुग्णांच्या रांगेला नशीब.

या दुसऱ्या रांगेत पुणं जुनं आहे. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मंजूर खाटा २,५४०. राज्यातल्या ठाणे, नागपूर, रत्नागिरी या बाकीच्या तीन जुन्या मनोरुग्णालयांबरोबर त्याचं नाव घेतलं जातं आणि आपल्या बोलण्यात ‘येरवडा’ हा शब्द धमकी म्हणून येतो, याची मला लाज वाटते. अशा रुग्णालयांत बरी झालेली, पण घरून कोणी न्यायलाच न आलेली माणसं असतात. देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९मधल्या पाहणीत तिथे राहणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तिथेच असल्याचं आढळलं. त्यांच्याकडे तारीख नाही, यादी नाही, कोणाला विचारायचं तेही ठरलेलं नाही. एम.ए.च्या मुलांना आम्ही भेटीसाठी नेतो, तेव्हा त्यांचा अनुभव बहुतेक वेळा एकच असतो. कोणीतरी हात धरून विचारतं, ‘आमच्या घरचं कोणी आलंय का?’

याच येरवड्याच्या आवारात १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट तिथे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या. अनिल अवचटांनी व्यसनांवर लिहिलं, पु. ल. देशपांडे मदतीला उभे राहिले आणि व्यसनमुक्तीचं ते काम आकाराला आलं. मला त्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवून घेतलं गेलं. दारू पिऊन येणाऱ्या माणसाची रात्री वाट बघणारी बायको, ती वाट बघता बघता स्वतः आजारी पडलेली असते, हे त्यांनी ओळखलं. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, त्यामागेही तीच जाण होती. ते कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते, आणि घरात पत्नीचा आजार अनुभवलेले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट बघताना आजारी शेषइतकीच माझी नजर त्याच्या बहिणीवर असते. आजारी माणसाच्या आसपास कोणीतरी एक कायम थांबलेलं असतं. त्याला केस पेपर नसतो.

मुलं मुलाखतीत काय विचारतील म्हणून माझ्याकडे येतात. आजारांची वर्गीकरणं, औषधांची नावं, चाचण्यांचे निकष, सगळं घोकलेलं असतं. मला वाटतं, त्यांना एवढंच विचारावं: तुम्ही इथे यायच्या आधी बाहेर बाकावर कोण बसलं होतं ते बघितलंत का? ज्यानं बघितलं असेल त्याला घ्यावं.

आता बोलावणाऱ्यांबद्दल. ज्यांना मुलाखतीला बोलवायचं नसतं, त्यांना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काहीच कळवत नाहीत. यादी लागते, यादीत नाव नसतं, संपलं. इंटर्नशिपसाठी रुग्णालयांना आणि समुपदेशन केंद्रांना मेल पाठवणाऱ्या मुलांच्या वाट्याला तर यादीही येत नाही. मेल गेलं, पुढे शांतता. ती शांतता म्हणजे नकार की विलंब, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि नको असलेल्या शांततेचा अर्थ लावत बसणं हे चांगल्या मनालाही आजारी करतं, हे आम्हा मानसशास्त्राच्या लोकांना तरी कळायला हवं.

मराठीला तर नकाराची फार सभ्य परंपरा आहे. मासिकांना कथा पाठवताना परतीची पाकिटं जोडली जायची आणि ‘साभार परत’ अशी चिठ्ठी लागून लेखन घरी यायचं. ती चिठ्ठी बघून कित्येकांनी रात्री जागवल्या असतील. पण परत आलेली कथा हातात असायची, ती दुरुस्त करता यायची, दुसरीकडे पाठवता यायची. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तर लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे. कथेत काय जमलंय, कुठे हात आखडलाय, पुन्हा लिहून बघा. त्या पत्रांवर एक अख्खी पिढी वाढली. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. तेव्हा हातानं लिहून, पाकिटावर पत्ता घालून, तिकीट चिकटवून नकार कळवला जायचा. आज एका कळीसरशी शंभर जणांना कळवता येतं, तरी कळवलं जात नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करत होती. तिकडे या डॉक्टरेटच्या शेवटी वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची असते आणि तिच्यासाठी देशभर अर्ज करावे लागतात. मुलाखतींच्या बोलावण्यांचा काळ नोव्हेंबर-डिसेंबरचा. थंडी, लवकर पडणारा अंधार आणि दर थोड्या वेळानं उघडलेला फोन. १९९९पासून तिथे अंतिम जुळणी संगणकावर होते. उमेदवार आणि संस्था आपापले पसंतिक्रम देतात आणि त्यांची सांगड घालायची पद्धत डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ साली मांडलेल्या गणितावर आधारलेली आहे. शेपली आणि आल्विन रॉथ यांना त्या वाटेवरच्या कामासाठी २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढं गणित असूनही कित्येक वर्षं तिथे जागा कमी आणि उमेदवार जास्त असंच होतं. टंचाई गणितानं सुटत नाही. पण तिथला एक नियम तिनं सांगितला तो मी विसरले नाही. प्रत्येक संस्थेला एक तारीख आधी जाहीर करावी लागते आणि त्या तारखेपर्यंत पूर्ण अर्ज केलेल्या प्रत्येकाला कळवावं लागतं, मुलाखत आहे की नाही. नाही असेल तरीही. ‘नकार आले तेव्हा रडले मॅडम,’ ती म्हणाली, ‘पण मग झोप लागली.’

आपल्याकडच्या मुलाखतींच्या दिवसांतच कधीतरी पालख्या पुण्यात येतात. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला. रस्ते बंद, वर्ग रिकामे, आणि सबंध शहर टाळांनी भरलेलं. अशाच एका दिवशी गर्दीत उभी असताना मला पुंडलिकाची गोष्ट वेगळी दिसली. लहानपणापासून आपण ती वाट बघणाऱ्या देवाची म्हणून ऐकतो. देव दारात आला, पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव थांबला, अजून थांबलाय. पण मध्ये एक छोटी घटना आहे. पुंडलिकानं वीट फेकली. हातातलं काम टाकता येत नव्हतं, पाहुण्याला आत घेता येत नव्हतं. तरी त्यानं त्याला दारात अनुत्तरित ठेवलं नाही. इथे उभा राहा, माझं काम झालं की येतो, एवढं सांगितलं आणि पायाखाली घ्यायला काहीतरी दिलं. देवाला थांबवण्याचा अधिकार पुंडलिकाला त्या विटेनं मिळाला असं मला वाटतं. वीट न देता त्यानं पाठ फिरवली असती, तर ती सेवा ठरली नसती, उद्धटपणा ठरला असता.

माझं मागणं तेवढंच आहे. जागा वाढवायला पैसे लागतात, मार्गदर्शक लागतात, परिषदेची मान्यता लागते, आणि त्यासाठी भांडत राहिलंच पाहिजे. ७० ते ९२ टक्के हा आकडा ज्या देशात फळ्यावर लिहावा लागतो, तिथे शिकायला तयार असलेलं एकही मूल केवळ खुर्ची नाही म्हणून परत जाऊ नये. पण वीट द्यायला मान्यता लागत नाही. यादी अमुक तारखेला लागेल, लांबली तर तसं सांगू, तुमची निवड झालेली नाही, पुढच्या वेळी हे जास्त चांगलं करून या. चार ओळी. ज्या संस्था रुग्णाच्या मनाची काळजी घ्यायला शिकवतात, त्यांनी आपल्या दारात उभ्या असलेल्या मुलांच्या मनापासून ती सुरू करावी. अध्यापनाचा पहिला तास तिथेच होतो.

आणि मुलांनो, तुमच्याकडेही माझं एक मागणं आहे. तुमच्यातल्या काहींना कॉल येईल, काहींना पुढच्या वर्षी येईल, काही जण शाळेत, हेल्पलाइनवर, एखाद्या संस्थेत काम करू लागतील आणि तेही हेच काम आहे. तुम्ही कुठेही पोचलात तरी लोक तुमच्यासाठी थांबणार आहेत, कारण आपण फार थोडे आहोत. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकानं १९८५ साली रांगांबद्दल लिहिताना एक साधी गोष्ट नोंदवली होती: किती थांबायचंय ते माहीत असलं की तेवढंच थांबणं कमी वाटतं. ते लक्षात ठेवा. ओपीडीच्या सकाळी आत बोलावण्यापूर्वी एकदा बाहेर या. किती जण आहेत ते बघा. जो रुग्णाबरोबर आलाय त्यालाही नाव विचारा. ज्यांचा नंबर आज लागणार नाही त्यांना दुपारपर्यंत तिष्ठत ठेवू नका. सरळ सांगा की आज जमणार नाही, गुरुवारी सकाळी दहाला या, मी असेन. आणि गुरुवारी सकाळी दहाला तिथे असा.